चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : आपत्तीनंतरच्या बालवैद्यकाचा बंगाली अध्याय

भूकंप, चक्रीवादळ किंवा महापूर यांच्यानंतर मुलांवर झालेल्या उपचारांचा इतिहास लिहिताना शस्त्रक्रियेचे तंबू, परदेशी पथके आणि विमानातून उतरवलेली औषधांची खोकी यांनाच बहुधा पुढचे स्थान मिळते. गरीब देशांत मात्र आपत्तीतून वाचलेले मूल पुढच्या सहा-आठ आठवड्यांत ज्या कारणांनी दगावते ती कारणे फार साधी असतात. जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि उपासमार ही ती कारणे होत, आणि त्यांवरचे जे उपाय पुढे टिकले त्यांपैकी बहुतेक इस्पितळाच्या भिंतींबाहेर, अंगणात आणि चुलीपाशी रुजले. या उपायांतला सर्वांत महत्त्वाचा उपाय गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, साधारण १९६८ ते १९९० या काळात आकाराला आला. एक वादळ, एक युद्ध आणि खेडोपाडी चाललेली एक चिवट मोहीम यांनी मिळून या बावीस वर्षांत बालवैद्यकातला एक मोठा अधिकार डॉक्टरांच्या हातून आईच्या हाती सोपवला. हे हस्तांतर कसे घडले, त्याला कोणी विरोध केला आणि ते कुठे अपुरे पडले, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हे बालवैद्यकाचे पहिले सूत्र आपत्तीच्या काळात जितके ठळकपणे दिसते तितके एरवी दिसत नाही. नवजात बालकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो आणि प्रौढाच्या मानाने त्याच्या शरीरातले पाणी फार वेगाने खर्च होते. दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असे धरले, तर १० किलो वजनाच्या वर्षभराच्या मुलाच्या अंगात जेमतेम पाऊण-एक लिटर रक्त असते, त्यामुळे मोठ्या माणसाला नुसता थकवा आणणारा रक्तस्राव किंवा जुलाब या मुलाला काही तासांत मरणाच्या दारात नेऊन ठेवतो. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने भिजलेले मूल झपाट्याने गारठते. टाळू खोल जाणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, पोटावरच्या त्वचेला काढलेला चिमटा लवकर न विरणे ही शरीर सुकल्याची लक्षणे आज अंगणवाडी सेविकेलाही शिकवली जातात. ती लक्षणे वाचण्याचे कौशल्य एकेकाळी केवळ इस्पितळातल्या खाटेजवळच वापरले जाई, याची आठवण मात्र आता फारशी उरलेली नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, खात्रीचा एकच उपचार होता आणि तो म्हणजे शिरेतून क्षारयुक्त द्रव देणे, ज्याला मराठीत सर्रास ‘सलाईन लावणे’ म्हणतात. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, सुया, नळ्या आणि सुकलेल्या बाळाची चपटी झालेली शीर शोधून काढणारा सराईत हात एवढे सगळे लागे, आणि आपत्तीच्या प्रदेशात यातले एकही हाताशी नसे. तोंडाने पाणी पाजावे तर ते आतड्यात न थांबता बाहेरच पडते, अशी समजूत वैद्यकात आणि लोकांत सारखीच घट्ट होती, त्यामुळे जुलाबाच्या वेळी आतड्याला विश्रांती द्यावी म्हणून अन्नपाणी तोडण्याचा प्रघात दोन्हीकडे चालत असे. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सौम्य पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचा वृत्तांत छापला होता, पण त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि हे पाणी काम का करते याचे शास्त्रीय उत्तरही त्या काळी उपलब्ध नव्हते, म्हणून जगाने त्याची दखल घेतली नाही. हे उत्तर १९६० मध्ये मिळाले. आतड्याच्या आतल्या अस्तरात साखर आणि सोडियम हे दोन पदार्थ एकमेकांच्या हातात हात घालून पेशीत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणीही शरीरात ओढले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडली. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर काढते, पण साखर-सोडियमची ही वाट ते बंद करू शकत नाही, आणि सगळा उपचार या एका फटीवर उभा आहे.

ढाक्यात १९६० मध्ये स्थापन झालेल्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकी डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांसह १९६८ मध्ये ही कल्पना रुग्णांवर कसाला लावली. रुग्णाच्या शरीरातून जेवढा द्रव बाहेर जातो तेवढाच मोजून तोंडाने परत दिला, तर शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. याआधी मनिला येथे झालेल्या एका प्रयोगात काही रुग्ण दगावले होते आणि त्यामुळे वरिष्ठ संशोधकांच्या मनात या उपचाराविषयी धास्ती बसली होती. नलिन-कॅश यांचे वेगळेपण पाण्याच्या घटकांपेक्षा या मोजमापाच्या शिस्तीत होते. कलकत्त्यातही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात याच दिशेने काम चालू होते. तरीही हे सगळे प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखालचे प्रयोग होते, आणि हा उपचार अडाण्यांच्या हाती देण्याजोगा नाही, असे तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांचे मत होते.

अशा वेळी १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले. भरतीच्या वेळीच वादळाची लाट आली आणि मेघनेच्या मुखाजवळची सखल बेटे अंधारात पाण्याखाली गेली. मृतांची संख्या ३ ते ५ लाख असावी असा अंदाज केला जातो. ढाक्याच्या प्रयोगशाळेत त्या वेळी काम करणारे आल्फ्रेड सॉमर आणि वायली मॉस्ली यांनी वादळग्रस्त भागात दोन सर्वेक्षणे केली आणि त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तीच्या आरोग्यविषयक अभ्यासात हा अहवाल पायाभूत मानला जातो, कारण मदत कोणाला व कशाची हवी हे आधी मोजून मग ठरवावे, हा विचार त्यात प्रथमच इतक्या काटेकोरपणे अमलात आला. सर्वेक्षण केलेल्या भागात सरासरी १६.५ टक्के लोक मेले होते, आणि त्यांत लहान मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त होते. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोल खरचटल्याच्या जखमा होत्या, कारण ते रात्रभर झाडाच्या बुंध्याला मिठी मारून लाटा झेलत राहिले होते. ज्यांच्या हातांत तेवढे बळ नव्हते ते वाहून गेले, आणि मुलांच्या हातांत ते नव्हतेच. या खरचटण्याखेरीज वाचलेल्यांमध्ये जखमांचे किंवा आजारांचे प्रमाण फारसे वाढलेले नव्हते, त्यामुळे मदतीसाठी धावणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या पथकांपेक्षा अन्न, निवारा, बैल आणि अवजारे यांची गरज मोठी ठरली. आपत्ती म्हणजे जखमींनी भरलेले रान, अशी जी प्रतिमा त्या काळी होती आणि आजही बरीच शिल्लक आहे, तिला या अहवालाने मोठा तडा दिला.

वादळानंतरच्या मदतकार्यात इस्लामाबादच्या सरकारने दाखवलेली दिरंगाई हे पूर्व बंगालमधल्या असंतोषाचे एक कारण होते, आणि पुढच्या मार्चमध्ये तेथे युद्ध पेटले. १९७१ अखेरपर्यंत सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्यांपैकी जेसोरच्या बाजूने आलेले लोंढे सीमेलगतच्या बनगाव या छोट्या गावाशी थडकत होते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तेथे पटकीची साथ पसरली. वैद्यकीय इतिहासाच्या दृष्टीने पुढचे दोन महिने फार मोलाचे आहेत. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातून दिलीप महालनबीस हे जूनच्या अखेरीस बनगावला पोहोचले. ते मुळात बालरोगतज्ज्ञ होते आणि लंडनमधल्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले होते. बनगावच्या इस्पितळातल्या दोन खोल्यांत मिळून १६ खाटा होत्या आणि रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. रुग्णाला सलाईन लावायचे तर मळ आणि वांतीने भरलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसावे लागे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. सलाईनचा साठा थोड्याच दिवसांत संपत आला आणि प्रशिक्षित माणसे तर सुरुवातीपासूनच अपुरी होती.

या कोंडीतून महालनबीस यांनी जो निर्णय घेतला तो प्रयोगशाळेतल्या सर्व नियमांना डावलणारा होता. एक लिटर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधे मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कलकत्त्याच्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत मोजून पुड्यांमध्ये भरले जाई, ते बनगावला नेऊन तोटी लावलेल्या पिंपांत कालवले जाई, आणि ते पाणी रुग्णाला पाजण्याचे काम त्याच्या आईकडे, भावाकडे किंवा जवळ बसलेल्या कोणाही नातेवाइकाकडे सोपवले जाई. मूल ओकले तरी थोडा वेळ थांबून पुन्हा घोट-घोट पाजत राहायचे, एवढीच सूचना दिली जाई. फार सुकलेल्या रुग्णांसाठीच सलाईन राखून ठेवले होते. या केंद्रात दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. सलाईन अपुरे असलेल्या अशा छावण्यांत ते ३० टक्क्यांपर्यंत जात असे. या आकड्यांमागे कसलाही नियंत्रित प्रयोग नव्हता, त्यामुळे परीक्षकांनी शंका घेतल्या आणि महालनबीस यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला १९७३ उजाडले. त्या शंका शास्त्राच्या रिवाजाला धरून होत्या, पण त्यांच्या मुळाशी एक दुसरीही अडचण होती. ज्या उपचारात डॉक्टरला काही करायचे नाही तो उपचार खरा, हे मान्य करणे डॉक्टरांना अवघड जात होते. जागतिक आरोग्य संघटनेतले धीमान बरुआ यांनी बनगावला येऊन हे काम स्वतः पाहिले आणि पुढे जिनिव्हात त्याचा पाठपुरावा केला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या मिश्रणाचे एक सर्वमान्य सूत्र ठरवले, आणि १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’ने संपादकीय लिहून हा शोध विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असे मत नोंदवले. महाराष्ट्रात ही पुडी ‘जलसंजीवनी’ या नावाने घरोघरी पोहोचली, आणि दुसऱ्या देशातल्या वादळ-युद्धाशी असलेला तिचा संबंध वापरणाऱ्यांच्या ध्यानी राहिला नाही. खुद्द महालनबीस यांना त्यांच्या हयातीत भारतात मोठा सन्मान मिळाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, ही नोंद इथे केल्याशिवाय राहवत नाही.

छावणीत डॉक्टर जवळ असताना आईने पाणी पाजणे वेगळे आणि पुराने वेढलेल्या खेड्यात, जिथे पुडीही पोहोचत नाही, तिथे तिने ते स्वतः तयार करणे वेगळे. हा दुसरा टप्पा बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने गाठला. या संस्थेचे संस्थापक फझले हसन आबेद हे चितगावात एका तेल कंपनीत अधिकारी होते. भोला वादळानंतर मनपुरा बेटावर केलेल्या मदतकार्याने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले, आणि युद्धानंतर परतलेल्या निर्वासितांसाठी १९७२ मध्ये त्यांनी ब्रॅक सुरू केली. खेड्यात ग्लुकोज नव्हते आणि वजनकाटा नव्हता, पण मीठ, गूळ आणि बोटे होती. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी हे सूत्र त्यातून ठरले आणि ‘लोबोन-गुर’, म्हणजे मीठ-गूळ, या नावाने रूढ झाले. मीठ जास्त पडले तर बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाते, म्हणून पाणी अश्रूंपेक्षा खारट लागू नये ही चवीची खूणही अशा घरगुती पाण्यासाठी अनेक देशांत सांगितली गेली. प्रयोगशाळेतल्या मापाला बोटांच्या मापात उतरवणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नव्हते, कारण चिमूट बाईगणिक बदलते आणि गूळ गावागणिक.

सिल्हेट जिल्ह्यातल्या शुल्ला भागात चाचणी करून १९८० मध्ये ब्रॅकने देशव्यापी मोहीम हाती घेतली आणि ती १९९० पर्यंत चालली. तरुण स्त्रियांच्या तुकड्या पायी एका गावाहून दुसऱ्या गावाला जात, प्रत्येक घरात आईला समोर बसवून तिच्याच हातांनी पाणी करवून घेत आणि लक्षात ठेवण्याचे मुद्दे तिच्याकडून म्हणून घेत. काही आठवड्यांनी दुसराच तपासनीस येऊन त्यांतल्या काही घरांत पुन्हा परीक्षा घेई, आईने केलेल्या पाण्याचा नमुना मीठ तपासण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवला जाई, आणि आईला जेवढे आठवत असेल त्या श्रेणीनुसार शिकवणारीला मेहनताना मिळे. शिक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या स्मरणावर ठरवणारी ही व्यवस्था कठोर होती, पण तिने शिकवण्याचा दर्जा राखला. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून अधिक घरे या मोहिमेने पालथी घातली.

या मोहिमेतले अपयश तिच्या यशाहून अधिक शिकवणारे आहे. सुरुवातीच्या पाहणीत आयांना सूत्र तोंडपाठ होते, पाणीही बिनचूक करता येत होते, आणि तरीही मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या घरांत ते पाजले जात होते. खोलात गेल्यावर कारणे सापडली. वैद्यकाच्या दृष्टीने जो एकच ‘अतिसार’ होता त्याचे गावातल्या बायका चार प्रकार करीत असत. अंगावरचे दूध बाधून होणारा तो ‘दूध हागा’, खाण्याने होणारे ‘अजीर्ण’, आव पडते ती ‘आमाशा’ आणि पाण्यासारखे भडाभडा जुलाब होतात तो ‘डायरिया’. शिकवणाऱ्या बाई ‘डायरिया’ हा शब्द वापरत, त्यामुळे हे पाणी केवळ चौथ्या प्रकारासाठी आहे असा समज झाला होता. दुसरे कारण असे की शिकवणाऱ्या काही जणींचाच या पाण्यावर विश्वास नव्हता आणि स्वतःच्या घरी त्या दुकानातली औषधे वापरत असत. तिसरे कारण म्हणजे घरातल्या पुरुषांना हा प्रकार माहीत नव्हता, आणि परवानगी त्यांची लागे. मग शिकवणाऱ्यांनी आयांसमोर ते पाणी स्वतः पिऊन दाखवायला सुरुवात केली, बाजारात आणि मशिदींत पुरुषांच्या सभा घेतल्या गेल्या, आणि आजाराची नावे बायकांच्या बोलीतून घेतली गेली. मराठी वाचकाला या ठिकाणी गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी उभारलेल्या कामाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. गावातलीच स्त्री नवजात बालकाची काळजी घरी घेऊ शकते हे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले, आणि त्याआधी त्यांनीही मुलांच्या आजारांना गोंडी-मराठी बायका काय म्हणतात याचा बारकाईने अभ्यास केलेला होता.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुले जुलाबाने मरत असल्याचा अंदाज होता. आज हा आकडा ५ लाखांच्या आसपास आला आहे. त्याचे सगळे श्रेय मीठ-साखरेच्या पाण्याला देता येणार नाही, कारण स्वच्छ पाणी, लसी आणि आयांचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे, तरी या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. जस्ताची गोळी १० ते १४ दिवस दिल्यास जुलाब लवकर थांबतात आणि काही महिने परत उलटत नाहीत, अशी भर २००४ मध्ये या उपचारात पडली.

आपत्तीतल्या मुलासाठी घडलेली दुसरी साधनेही याच कुळातली आहेत. एक ते पाच वर्षे या वयात मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून वय ठाऊक नसले आणि वजनकाटा नसला तरी दंड मोजून भूक ओळखता येते. बगदादचे अदनान शाकीर आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची पट्टी सुचवली, आणि आज छावणीत शिरणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेवकाच्या खिशात ती असते. भारतात याच तत्त्वावर बांगडीची चाचणी रूढ झाली. ४ सेंटिमीटर आतल्या व्यासाची बांगडी मुलाच्या कोपरावरून वर दंडात सरकली, तर मूल कुपोषित समजावे. बांगडीचा आतला परीघ साडेबारा सेंटिमीटर भरतो आणि पट्टीवरची जुनी रेघही तिथेच होती. गोवराच्या बाबतीत आपत्तीने जगाला साध्या उपायाचा हाच धडा अधिक कठोरपणे शिकवला. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर डोंगरातून छावण्यांत आणलेल्या आएता आदिवासींमध्ये लस न टोचलेली मुले पुष्कळ होती, आणि ज्वालामुखीपासून वाचलेली त्यांतली अनेक मुले गोवराने व त्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने गेली. म्हणून आता सहा महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना गोवराची लस आणि लहानांना अ जीवनसत्त्व हे छावणीतले पहिल्या काही दिवसांतले काम मानले जाते. हे अ जीवनसत्त्व बालमृत्यू घटवते, हे दाखवणारा पहिला मोठा प्रयोग इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या ४५० गावांत झाला, त्यात एक ते पाच वर्षांच्या मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, आणि तो करणारे तेच आल्फ्रेड सॉमर होते, ज्यांनी भोला वादळानंतर झाडांना बिलगून वाचलेल्यांची मोजदाद केली होती.

मदत म्हणून आलेली प्रत्येक वस्तू मुलाच्या भल्याची असते असे नाही, आणि या बाबतीत दुधाच्या पावडरीचा इतिहास क्लेशकारक आहे. मे २००६ मध्ये जावा बेटावर योग्याकार्ताजवळ झालेल्या भूकंपानंतर तान्ह्या मुलांसाठी पावडरीचे डबे सरसकट वाटले गेले. नंतरच्या पाहणीत, डबा मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचे प्रमाण २५.४ टक्के आणि न मिळालेल्यांत ११.५ टक्के आढळले. त्याच वर्षी बोट्स्वानात अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ येऊन ५०० हून अधिक लहान मुले दगावली, आणि त्यांत अंगावरचे दूध न पिणारी मुले फार मोठ्या संख्येने होती. एचआयव्हीचा संसर्ग टाळावा म्हणून तेथे सरकारनेच आयांना पावडर पुरवली होती. हेतू चांगला होता आणि सुक्या दिवसांत ती योजना चाललीही, पण पुराने विहिरी आणि नळ गढूळ होताच तीच बाटली घातक ठरली. ज्या आईच्या अंगावर दूध आहे तिला भीतीने दूध आटल्यासारखे वाटले तरी धीर, अन्न आणि आडोसा मिळाल्यावर ते परत येते, हे सुईणी पिढ्यानपिढ्या सांगत आल्या आहेत, आणि आता छावण्यांच्या नियमावल्यांतही ते लिहिलेले असते.

भूकंपापुढे मात्र यातले फारसे काही चालत नाही, ही या इतिहासाची मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. वादळाच्या आणि पुराच्या मागून रोग येतो आणि त्याला अडवायला काही दिवस मिळतात. भूकंपात मुलाचे मरण पहिल्या काही मिनिटांत, मातीच्या आणि दगडांच्या ढिगाखाली श्वास कोंडून होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे नुकती झोपली होती. जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या, वर माळवदाचा टनावारी मातीचा थर, आणि आत आईच्या कुशीत मुले. सुमारे ८,००० मृतांमध्ये स्त्रियांचे आणि मुलांचे प्रमाण अधिक असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले. १९७६ च्या ग्वाटेमालातील भूकंपानंतर मातीच्या विटांच्या घरांच्या एका खेड्यात असेच मोजमाप झाले होते, आणि तेथे सर्वांत धाकट्या बाळापेक्षा त्याच्या लगतच्या थोरल्या भावंडाचे मरण अधिक आढळले, कारण तान्हे बाळ आईला चिकटून झोपत असे आणि तिच्या अंगाचा आडोसा त्याला मिळे. भूकंपात मुलांचे दैव कधीकधी पंचांग ठरवते. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरमधला भूकंप शनिवारी सकाळी, पाकिस्तानी शाळा भरलेल्या असताना आला आणि शाळांच्या छपरांखाली हजारो मुले मेली. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंपही शनिवारीच आला, पण नेपाळात शनिवार सुट्टीचा असल्याने तितक्याच कच्च्या शाळा रिकाम्याच कोसळल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातमधला भूकंप आला तेव्हा अंजारच्या अरुंद गल्लीतून मुलांची प्रजासत्ताक दिनाची फेरी चाललेली होती, आणि त्याच भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालयही जमीनदोस्त झाल्याने जखमी मुलांवरचे पहिले उपचार उघड्या मैदानात करावे लागले. अशा ठिकाणी बालवैद्यकाचा खरा भार गवंड्यावर आणि बांधकामाच्या नियमांवर पडतो, आणि तो इतिहास वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा लिहिला जात नाही.

बंगालच्या किनाऱ्यावरही जलसंजीवनीने लाट थांबवली नाही. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मेले, आणि त्यानंतरच्या एका सर्वेक्षणात, पक्क्या इमारतीचा आसरा घेऊ न शकलेल्यांमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. त्यानंतर खांबांवर उभ्या केलेल्या काँक्रीटच्या आसऱ्याच्या इमारती आणि सायकलवरून भोंगा वाजवत फिरणारे स्वयंसेवक यांचे जाळे वाढवले गेले, आणि पुढच्या तितक्याच जोरदार वादळांत मृतांची संख्या हजारांवर आली. याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, कॉक्स बाजारजवळच्या टेकड्यांवर, २०१७ च्या पावसाळ्यात म्यानमारमधून रोहिंग्या निर्वासितांचे लोंढे आले. सप्टेंबरपासून मुलांना गोवराची लस देणे सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ७ लाख लोकांना पटकीची लस तोंडावाटे पाजली गेली. त्या छावण्यांत ब्रॅकचे कार्यकर्ते होते आणि ढाक्यातल्या त्या जुन्या प्रयोगशाळेची, आता आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था झालेली, जुलाबावरील उपचाराची केंद्रेही उभी राहिली. १९७१ मध्ये पूर्वेकडून बनगावकडे आलेल्या मुलांना भारतातल्या डॉक्टरांनी पिंपातून पाणी पाजले होते, त्यांच्याच देशातली माणसे आता दुसऱ्या देशाच्या मुलांना तीच पुडी पाण्यात कालवून देत होती.